गिऱ्हाइकाची जीभ

जोयडा तालुक्यातील कुणबी कुटुंबे मुडली व इतर अनेक प्रकारचे कंद पिकवितात. जानेवारीच्या सुमारास जोयड्यात त्यांचा कंदमेळा भरतो. एकदा तेथे मुडली हाती घेऊन आम्ही म्हणालो, “मावशी, ही तर नुसती मातीच!” तिने मुकाट्याने भाव उतरविला. घरी येऊन आम्ही त्याच मुडलीची वाखाणणी केली. तोच नीतिसूत्रे २०:१४ आठवले. मालाला नावे ठेवून मागाहून फुशारकी मारणारे ते गिऱ्हाईक आम्हीच होतो!

मग घासाघीस करणे पाप आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. विकणारा चार पैसे अधिक सांगतो, घेणारा कमी मागतो. हे दोघांनाही ठाऊक असते. ‘एवढेच परवडते’ हे खरे असेल, तर ते बोलणे प्रामाणिक आहे. पण चांगल्या मालाला वाईट म्हणणे ही खोटी साक्षच होय. विक्रेत्याच्या तराजूवर २००९ चा वजनमापांचा कायदा आहे. गिऱ्हाइकाच्या जिभेची तपासणी कोण करणार? शिवाय संध्याकाळी ओझे परत नेणे तिला जड जाते, हे जाणूनच आपण तिला अडवितो.

वाचकहो, शब्बाथ शाळेत खोट्या तराजूचा पाठ देताना हेही शिकवू या. बाजारात मुले पिशवी धरून आपल्या शेजारीच उभी असतात.