मागे सरण्याची मुभा

दुकानात नोकरी करणाऱ्या एखाद्या मुलीने, अगदी अंगाशी येऊन बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘काका, जरा त्या बाजूने बोला’ एवढेच म्हटले आणि त्यावरून तकरार झाली, की तिचा निकाल आपल्या समाजात ठरलेल्या रीतीने लागतो. मुलगी उद्धट होती की गिऱ्हाईक असभ्य होते, एवढ्या एका मुद्द्यावर दोन पक्ष पडतात. जो तो आपले मत नोंदवतो. आणि मालकाने मुलीला माफी मागायला लावली, की न्याय झाल्याचे समाधान सर्वांना लाभते. ज्या प्रश्नाची मुळे कामाच्या रचनेत आहेत तो स्वभावाचा प्रश्न म्हणून चालवायचा, आणि स्वभावाला औषध नाही म्हणून तो दप्तरदाखल करायचा, हा या चर्चेचा उथळपणा आहे.

रसायनीसारख्या गावात हा प्रश्न विशेष स्वच्छ दिसतो. पाताळगंगेच्या खोऱ्यात, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर कारखाने आले, आणि मोहोपाड्याची बाजारपेठ त्यांच्या पगारावर वाढत गेली. तिथल्या औषधाच्या, मोबाइलच्या, कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींच्या बाबतीत जे घडते ते कोणत्याही बाजारपेठेत घडते. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवण्याच्या निमित्ताने खांद्यावरून वाकते, बिल तपासताना कोपराला कोपर भिडवते, साडीचा पोत पाहता पाहता ती धरणाऱ्या हातापाशी रेंगाळते. आणि माल काढून देणाऱ्या पोऱ्याच्या मानेवर हात टाकून ‘ए छोट्या’ म्हणणारे तर आपण काही वावगे केले असे स्वप्नातही मानीत नाहीत. यांतील पुष्कळांच्या मनात पाप नसते हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण ती त्यांच्या अंतःकरणाची कैफियत झाली, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अवस्थेची नव्हे.

गिऱ्हाईक हा देव आहे, असे सांगणाऱ्या फलकांचा विचार करण्याचे कारण नाही, कारण देवही गाभाऱ्यातून उठून पुजाऱ्याच्या अंगावर रेलत नाही. मुलींनी धीट व्हावे, हा उपदेश धीटपणाची किंमत नोकरीने चुकवावी लागत नाही अशांनीच करावा. कॅमेरे बसवा म्हणणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की कॅमेरा घडलेले पाहतो, घडणारे अडवीत नाही.

ज्या मताशी मात्र दोन हात केल्यावाचून गत्यंतर नाही, ते वरकरणी सुसंस्कृत आणि म्हणूनच अधिक घातक आहे. माणसामाणसांतील अंतराची ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे. आपण दाटीवाटीत वाढलेले, आपुलकीने जवळ येणारे लोक. आपल्याला फूटपट्टीचा हिशेब काय कामाचा, असे ते मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ एडवर्ड हॉल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाच्या १९६६ च्या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते. निकटचे अंतर दीड फुटापर्यंत, व्यक्तिगत चार फुटांपर्यंत, सामाजिक बारा फुटांपर्यंत, अशी त्याची मापे. ती प्रामुख्याने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मध्यमवर्गीयांच्या निरीक्षणावरून काढली होती, आणि ती सर्व मानवजातीला लावू नयेत हे त्याने स्वतःच बजावले होते. मापे परकी आहेत हे कबूल. पण मापे परकी म्हणून मर्यादाही परकी, हे अनुमान कोणत्या तर्कशास्त्रात बसते?

आपल्या समाजाला अंतराची जाण नव्हती, असे म्हणणाऱ्याने आपला समाज पाहिलेलाच नाही. ज्या भूमीत माणसाच्या सावलीचाही हिशेब ठेवला गेला, जिथे वरून पाणी ओतले जाई आणि नाणे हातात न देता जमिनीवर टाकले जाई, आणि ज्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडात एका तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, त्या भूमीला अंतर ठाऊक नव्हते असे सांगणे हा इतिहासाचा उपहास आहे. यावर कोणी चटकन म्हणेल, की मग दुकानातील मुलीने मागितलेले अंतर ही नवी अस्पृश्यताच नव्हे काय? नव्हे. तिथे अंतर ठरवणारा बलिष्ठ होता आणि ते पाळण्याचा हुकूम दुर्बलावर होता. इथे दुर्बल आपल्यापुरती जागा मागत आहे. इतका उघड फरक ज्यांना दिसत नाही, त्यांना मुळात अस्पृश्यताही समजलेली नसते.

आता आपुलकी. ‘अगं, तू मला मुलीसारखी’ असे म्हणून जवळ सरकणाऱ्याने नात्याचा अर्धा भाग तेवढा उचललेला असतो. आपल्या घरांत सासरा आणि सून, जेठ आणि भावजय यांच्यात जे अंतर पाळले जाई, त्यातील जाच मी नाकारीत नाही. पण नाते म्हणजे सीमेचा अभाव, असे त्या घरांनी कधीही मानले नाही. नाते जितके जवळचे तितके त्याचे नियम बारकाईचे. काका म्हणवून घ्यायचे असेल, तर काकाची पायरीही सांभाळायला हवी.

आणि लोकल गाडीचा तो सनातन दाखला! कर्जत लोकलच्या गर्दीत श्वासाला श्वास लागतो, तिथे कोणी तक्रार करते काय, असे विचारले जाते. करते, आणि म्हणूनच स्त्रियांचे डबे आहेत, म्हणूनच १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर केवळ स्त्रियांची गाडी धावू लागली. शिवाय त्या गर्दीतील शिस्त पाहावी: माणसे पाठ वळवतात, हात आवळून घेतात, नजर खिडकीबाहेर ठेवतात. ती जवळीक कोणी निवडलेली नसते आणि तीतून कोणालाच हलता येत नाही. त्या लाचारीत सारे समान असतात. दुकानात तसे नाही. तिथे दोघांपैकी एकाला हवे तेव्हा निघून जाता येते, आणि दुसऱ्याला येत नाही.

मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. अंतर किती फूट, हा प्रश्न गौण आहे. मागे सरण्याची मुभा कोणाला आहे, हा मुख्य आहे. ज्याला सरकता येते त्याच्या जवळ कोणी आले तर ती भेट होते. ज्याला सरकता येत नाही त्याच्या जवळ कोणी आले तर ते अतिक्रमण होते, मग मधले अंतर एक फूट असो वा तीन. आणि ही मुभा पूर्वी दुकानाच्या रचनेतच होती. दुकानदार गादीवर, गिऱ्हाईक पायरीवर आणि मधे तागडी, अशी ती व्यवस्था असे. तीत जातीचा दर्पही होता, पण नोकराच्या पाठीमागे जागा होती. १९१६ साली मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्सने गिऱ्हाइकाला स्वतःच माल उचलू देणारे दुकान काढले, आणि ती पद्धत जगभर पसरत आपल्या तालुक्यांपर्यंत पोचली. मधली फळी गेली; नोकर गिऱ्हाइकांच्या मधोमध आला, पाठीला मांडण्या लागल्या. मालकाचा खर्च वाचला, गिऱ्हाइकाला मोकळीक मिळाली आणि नोकराची तेवढी गेली. २०२० च्या साथीत दोऱ्या बांधल्या गेल्या, चुन्याची वर्तुळे आखली गेली, तेव्हा हेच दाटीवाटीतले लोक त्या वर्तुळांत उभे राहिले. जिवाच्या भयाने पाळता येणारी मर्यादा दुसऱ्याच्या मानासाठी पाळता येत नाही, हे संस्कृतीचे लक्षण म्हणून मिरवण्यासारखे खचित नाही.

रसायनीला ही गोष्ट नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. आगीच्या वेळी प्रत्येकाला बाहेर पडता यावे असा मार्ग राखण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातले होते, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली निकटच्या धोक्याची सूचना देण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. रसायनाच्या टाकीभोवती मोकळी जागा राखण्याला कोणी आपुलकीचा अभाव म्हटले नाही. दुकानाच्या वाट्याला असा विचार आलाच नाही. २०१७ साली महाराष्ट्राने दुकानांचा नवा कायदा केला. त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांसाठी होत्या, आणि दोन-तीन नोकरांची पेठ त्यांच्याबाहेर राहिली. विशाखा निवाड्याने १९९७ साली आणि पुढे २०१३ च्या कायद्याने बाहेरून येणाऱ्यांपासूनही स्त्रियांना संरक्षण देण्याची जबाबदारी मालकावर टाकली, हे मोलाचे आहे; परंतु ते कवच लैंगिक छळापुरते आहे, आणि मी ज्याविषयी लिहितो आहे ते बहुतांशी त्या रेषेच्या अलीकडे घडते. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क दिला. तेव्हा नोकराच्या शरीराची दखल दुकानाचा कायदा घेऊ शकतो, यात शंका उरलेली नाही.

मग तजवीज काय करावी? नोकराने कारण न सांगता दोन पावले मागे जावे, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि त्यापायी पगार कापला जाऊ नये, इतका नियम पुरे; मांडणी अशी असावी, की कोणाचीही पाठ भिंतीला लागू नये. एकच नोकर असलेल्या दुकानात गिऱ्हाईक सोपवायचे कोणाकडे, हा आक्षेप मी ऐकला आहे आणि तो खरा आहे. त्याचे उत्तर सोपे आहे, फक्त ते कोणाला आवडत नाही: तिथे मालकाने गल्ल्यावरून उठावे.