नायिकेने ओळखलेली लेखिका

पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्या बाईला आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो: ही नायिका म्हणजे तुम्हीच ना? विषय प्रेमाचा असेल तर प्रश्नाला जरा जास्तच धार येते. पुरुषाने प्रेमकथा लिहिली की ती प्रतिभा, बाईने लिहिली की कबुलीजबाब. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला, तेव्हा शिकलेल्या मुलींची घुसमट बाजूलाच राहिली आणि ‘विभावरी शिरूरकर’ या नावामागे कोण दडलंय याच्या चौकशा रंगल्या. मालतीबाई बेडेकरांनी टोपणनाव घेतलं ते हौसेखातर नव्हे, हे त्या चौकशांवरूनच कळतं.

हा प्रश्न एरवी मला चोंबडा वाटतो. पण एका लेखिकेच्या बाबतीत तो उलटा करून विचारण्यासारखा आहे. हेलन होआंग ही व्हिएतनामी वंशाची अमेरिकन लेखिका. तिची पहिली कादंबरी ‘द किस कोशंट’ जून २०१८मध्ये आली आणि गुडरीड्स या संकेतस्थळावरच्या वाचकांनी तिला त्या वर्षीची सर्वोत्तम प्रणयकादंबरी ठरवलं. तिच्या नायिकेत लेखिका किती, हे शोधण्यात फारसं काही हाती लागत नाही. नायिकेने लेखिकेला काय सांगितलं, हे बघण्यात मात्र खरी गंमत आहे.

सुरुवात अगदी धंदेवाईक होती. ‘प्रिटी वुमन’ हा १९९०चा सिनेमा आठवत असेल: श्रीमंत रिचर्ड गेअर पैसे मोजून ज्युलिया रॉबर्ट्‌सची सोबत घेतो आणि शेवटी प्रेमात पडतो. होआंगला हीच गोष्ट फिरवायची होती. पैसे बाईने मोजायचे, सोबत पुरुषाने द्यायची. पण गाडं एका जागी अडलं. कमावत्या, देखण्या बाईला पैसे देऊन पुरुष आणायची गरज का पडावी? वाचकाला पटेल असं कारण मिळेना. पुढे ऑटिझमचा, म्हणजे स्वमग्नतेचा, विषय हाती आला आणि तिने तो नायिकेला देऊन टाकला. मग नायिका नीट उभी राहावी म्हणून स्वमग्न स्त्रियांविषयी वाचायला लागली, तर पानोपानी स्वतःच भेटू लागली. २०१६ साली, चौतिसाव्या वर्षी, तिचं रीतसर निदान झालं. कादंबरीला कारण हवं होतं म्हणून ती गेली आणि स्वतःच्या आयुष्याचं कारण घेऊन आली.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. हे घडलं ते प्रणयकादंबरी लिहिताना घडलं, आणि दुसऱ्या कुठल्या प्रकारच्या लेखनात ते इतक्या सहज घडलं नसतं, असं माझं म्हणणं आहे.

स्वमग्नतेचं वैद्यकीय वर्णन कसं तयार झालं ते आधी बघू. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यात आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी ज्यांची तपशीलवार वर्णनं लिहिली, ते सगळे मुलगेच. तिथून निकष ठरले, प्रश्नावल्या ठरल्या, आणि चार मुलग्यांमागे एक मुलगी हे प्रमाण पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा ते तिनास एकच्या आसपास असावं असं दिसलं, आणि मुलींचं निदान निसटतं हेही. निसटतं, कारण अनेक मुली लहानपणापासून इतरांकडे बघून बघून वागणं शिकतात. कुठे हसायचं, किती वेळ डोळ्याला डोळा द्यायचा, कधी मान डोलवायची, सगळं घोकून ठेवतात. बाहेरून बघणाऱ्याला ‘मुलगी जरा अबोल आहे’ एवढंच दिसतं. साहित्य-सिनेमानेही हीच री ओढली. ‘रेन मॅन’मधला भाऊ, मार्क हॅडनच्या कादंबरीतला ख्रिस्तोफर, सगळे पुरुष नाहीतर मुलगे.

‘द किस कोशंट’ची ग्रेअम सिम्सियनच्या ‘द रोझी प्रोजेक्ट’शी तुलना केली तर फरक चटकन कळतो. तीही पदार्पणाचीच प्रेमकथा, २०१३ची. नायक डॉन टिलमन प्रश्नावली छापून बायको शोधायला निघतो. पुस्तक झकास आहे, मी दोनदा वाचलं. पण त्यातला विनोद कशावर उभा आहे? डॉन सांगतो त्याहून जास्त वाचकाला कळतं, यावर. निवेदन डॉनचं असलं तरी आपली खुर्ची त्याच्यापेक्षा वीतभर उंच असते.

‘द किस कोशंट’ची स्टेला लेनही हास्यास्पद ठरू शकली असती. ती तिशीची, सिलिकन व्हॅलीत काम करणारी अर्थमितीतज्ज्ञ. लोक काय विकत घेतील याची गणितं बांधते, आणि त्यात इतकी रमते की शनिवार-रविवारही ऑफिसातच काढावेसे वाटतात. आईला नातवंडं हवीत. पुरुषाचा स्पर्श स्टेलाला सोसत नाही. तेव्हा ती सरळ विचार करते: एखादी गोष्ट जमत नसेल तर शिकवणी लावावी. मग एस्कॉर्टचं काम करणाऱ्या मायकेलला गाठते आणि पहिल्याच भेटींत त्याच्यापुढे धड्यांची यादी ठेवते, झालं त्यावर बरोबरची खूण करायला चौकोनांसकट. प्रहसनाला याहून चांगला मसाला काय हवा? पण होआंग आपल्याला तिच्यावर हसू देत नाही. त्या चौकोनांमागची भीती ती आधीच आपल्या अंगावर चढवून मोकळी झालेली असते.

याचं श्रेय मी प्रणयकादंबरीच्या नियमाला देतो. अमेरिकेतल्या प्रणयलेखकांच्या संघटनेने केलेल्या व्याख्येनुसार दोन गोष्टी अटळ: प्रेम हाच कथेचा गाभा, आणि शेवट समाधानाचा, आशेचा. ‘मिल्स अँड बून’च्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांचा सगळा राग या दुसऱ्या अटीवर असतो. शेवट ठाऊकच असेल तर वाचायचं कशाला, म्हणे. आपल्याकडेही कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, योगिनी जोगळेकर यांची पुस्तकं वाचनालयांत हातोहात फिरली, पाठपुठ्ठे निघेस्तोवर फिरली, आणि समीक्षेने मात्र त्यांना ‘दुपारच्या वाचना’च्या पलीकडे जागा दिली नाही. दुपारी वाचणाऱ्या बायकांना सकाळ आणि संध्याकाळ मोकळी नसते, हे कुणी ध्यानात घेतलं नाही ते सोडा.

पण या अटीचा लिहिणाऱ्यावर काय परिणाम होतो? नायिका शेवटी सुखी व्हायची असेल तर तिला सुख कशात वाटतं हे लेखिकेला कळावंच लागतं. कुणी कसं धरलं की तिचा श्वास अडकतो, कुठल्या कापडाची शिवण टोचते, कुठला वास सहन होत नाही, इतक्या जवळून तिच्या कातडीत शिरावं लागतं. गंभीर कादंबरीला यातून सूट असते. ती अशा बाईला एक कोडं म्हणून ठेवू शकते, एकटेपणाचं रूपक करू शकते, शेवटच्या प्रकरणात नदीवर पाठवू शकते, आणि समीक्षक त्याला धीट शेवट म्हणतात. प्रणयकादंबरीला ती पळवाट नाही. प्रश्नावल्यांनी ज्या बाईला बाहेरून पाहिलं, तिला आतून पाहायची सक्ती या ‘हलक्या’ साहित्यप्रकाराने केली. आतून पाहिल्यावर ओळख पटली यात नवल नाही.

एक प्रसंग सांगतो. मायकेल स्टेलाला आपल्या घरी जेवायला नेतो. व्हिएतनामी कुटुंब, भरलेलं घर, टीव्ही चालू, सगळे एकदम बोलताहेत. आई प्लॅस्टिकच्या डब्यातलं अन्न मायक्रोवेव्हमध्ये गरम करून पुढे ठेवते. स्टेला सांगते की प्लॅस्टिक असं तापवणं आरोग्याला बरं नाही. तिच्या लेखी ही काळजी आहे, कारण तिला ही माणसं आवडली आहेत. आईच्या लेखी पोरीने भरल्या ताटावर अपमान केला. मग स्टेला मायकेलच्या वडिलांची चौकशी करते, आणि त्या घरात नेमका तोच विषय काढायचा नसतो. आवाज वाढत जातात, डोकं भणभणतं, ती उठून निघून जाते. मराठी घरात हे घडलं असतं तर विशेषणं तयारच होती: शिष्ट, माणूसघाणी, आईबापांनी रीत शिकवली नाही. अशी एखादी मावशी नाहीतर चुलतबहीण बहुतेक घरांत निघेल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला हे ठीकच, पण आपल्याकडे तपासणीची वाट बहुधा बालरोगतज्ज्ञाच्या दारातून जाते, आणि ती मावशी आता साठीला आलेली असते.

या प्रसंगात होआंगने स्टेलाला निर्दोष ठरवलेलं नाही, हे मला विशेष वाटतं. आई खरोखर दुखावली गेली आहे. परक्या देशात येऊन राबलेल्या बाईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवली गेली आहेत. होआंग स्वतः निर्वासित आईची मुलगी. टेबलाच्या दोन्ही बाजूंना तिची माणसं बसली आहेत.

आता तक्रार. स्टेलाला लेखिकेने फार सांभाळून घेतलं आहे. ती सुंदर, ती श्रीमंत, नोकरी अशी की तिचा एककल्लीपणा तिथे गुणच ठरावा. मायकेल शिवणकामात तरबेज आणि समजूतदारपणात त्याहून. असा पुरुष कॅलिफोर्नियात काय, कुठेच भाड्याने मिळत नाही. ऑटिझमची जी किंमत बहुतेकींना मोजावी लागते, ती स्टेलाच्या बाबतीत पैशाने आणि रूपाने आधीच चुकती केलेली आहे. पदार्पणात वाचकाला आपल्या बाजूला ओढायचं असतं, हे मान्य. तरी ही नायिका म्हणजे लेखिकेने स्वतःची ओळख करून देताना नेसलेली ठेवणीतली साडी आहे.

घरातली साडी तिसऱ्या कादंबरीत दिसते. मधल्या ‘द ब्राइड टेस्ट’ची (२०१९) हकिकतही बोलकी आहे. व्हिएतनाममधून आलेली गरीब एझ्मी मुळात नायिका नव्हतीच. प्रेमत्रिकोणातला नको असलेला तिसरा कोन म्हणून तिची योजना होती. पुढे लेखिकेला स्वतःच्याच मनातली उतरंड खटकली. कमी शिकलेली, परदेशातून आलेली बाई आपण आडकाठी म्हणूनच का योजली? तिने आखणी मोडली आणि एझ्मीला नायिका केलं. तिच्यासाठी आईच्या आयुष्यातून उचल घेतली. इथेही नायिकेनेच लेखिकेला आरसा दाखवला, आणि या खेपेला त्यात दिसलेलं सुखावह नव्हतं.

‘द हार्ट प्रिन्सिपल’ (२०२१) ही आईच्या आजारपणानंतर आणि मृत्यूनंतर, लेखिका स्वतः पार थकून गेल्यावर पुरी झाली. नायिका अ‍ॅना व्हायोलिन वाजवते. एक व्हिडिओ गाजतो आणि तेव्हापासून तिला कुठलीही रचना शेवटापर्यंत वाजवता येत नाही. एक स्वर चुकल्यासारखा वाटतो आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. अस्वस्थ झाली की ती दातांवर दात हलके आपटून ठेका धरते. बोटांनी धरला तर लोकांना दिसतो, दातांचा दिसत नाही. बापाला पक्षाघात होतो, सेवा तिच्यावर येते, आणि तिचं निदान घरच्यांच्या गळी उतरत नाही. स्टेलाला समजून घेणारं जग मिळालं होतं. अ‍ॅनाला थोरली बहीण मिळाली आहे, जिला सगळं आधीच कळतं.

ही प्रणयकथा कमी आणि दुखण्याची वही जास्त झाली, असं म्हणणारे वाचक आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. प्रियकर क्वान भला आहे, पण पुस्तकाचं ओझं त्याच्या खांद्यावर नाही. त्याला काढून टाकलं तरी अर्ध्याहून अधिक कादंबरी उभी राहील. होआंगला ती आत्मकथनासारखी, दुःखान्त करता आली असती, आणि कदाचित मग तिला समीक्षकांच्या पंक्तीत पाटही मिळाला असता. तिने तसं केलं नाही. शेवटची काही प्रकरणं घाईची आहेत, सुख जरा ढकलून आणल्यासारखं येतं, तरीही ते येतं. कलेच्या हिशेबात मी तिथे गुण कापीन. पण आपल्या निदानाचा पत्ता ज्याने दिला त्या साहित्यप्रकाराशी केलेला करार तिने मोडला नाही, आणि दातांनी ठेका धरणाऱ्या एखाद्या वाचिकेने ते पुस्तक उघडलं असेल, तर त्या घाईबद्दल तिचं मत माझ्याहून वेगळं असणार.