उग्ररूपाच्या आश्रयाला

औसा तालुक्यातील खरोसा गावाजवळच्या टेकडीत, सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली जी लेणी आहेत, त्यांत शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे आणि नरसिंहही आहे. आणि आईबापांचे बोट धरून तेथे आलेले मूल या सर्वांपैकी कोणासमोर अधिक वेळ रेंगाळेल असे मला कोणी विचारले, तर मी विनासंकोच नरसिंहाचे नाव घेईन. ज्या रूपाला बालकाने भ्यावे, त्याच रूपापाशी त्याला निर्धास्त का वाटावे, हा प्रश्न वरवर बालमानसशास्त्राचा दिसला तरी मला तो मूलतः धर्माचा वाटतो. कारण परमेश्वराने एका पोरासाठी धारण केलेले रूप रमणीय न ठेवता हिंस्र श्वापदाचे का केले, याचा उलगडा त्यातच दडलेला आहे.

कोमल देव औशाच्या मुलाला अपरिचित नाही. येथील नाथ संस्थानाचे चक्रीभजन पिढ्यानुपिढ्या ज्यांच्या कानांवर पडत आले, त्यांना कमरेवर हात ठेवून उभा असलेला, शस्त्र न उगारणारा आणि भक्तांनी माउली म्हणून हाक मारावी असा विठ्ठल घरच्यासारखाच असतो. परंतु मराठवाड्यातल्या गावाची शीव राखायला मात्र शेंदूर फासलेला म्हसोबा लागतो, ज्याचे नाते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी महिषासुराशी जोडले. म्हणजे पुराणात देवीने ज्याचा वध केला, त्याच असुराला आमच्या कुणब्याने शिवेवर बसवून आपल्या गुराढोरांचा आणि लेकराबाळांचा जिम्मा त्याच्याकडे सोपविला! यात अज्ञान पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही.

या ग्रामीण श्रद्धेला छापील चित्ररूप मिळाले ते ‘चांदोबा’मुळे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ साली मद्रासेत सुरू केलेल्या मासिकाची ही मराठी आवृत्ती १९५२ साली निघाली, आणि चित्रकार शंकर यांनी रेखाटलेला, उपसलेल्या तलवारीनिशी खांद्यावर प्रेत वाहणारा विक्रम राजा आमच्या घराघरांत आला. त्याच दशकात, १९५४ साली, अमेरिकेतील चित्रकथांच्या प्रकाशकांनी समाजाच्या रोषापुढे नमून चालत्या प्रेतांना, रक्तपिपासूंना आणि नरवृकांना आपल्या पृष्ठांवर मज्जाव करणारी नियमावली स्वीकारली. आमच्याकडे मात्र प्रेतात संचारलेला वेताळ मुलांना न्यायान्यायाचे प्रश्न विचारीत राहिला आणि कोणाही पालकाने त्याविरुद्ध तक्रार गुदरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त या कथामालेचा जो शेवट आहे, तो तर माझ्या मते बालकाला देण्याजोग्या ज्ञानातला सर्वांत मोलाचा भाग होय. नित्य फळ आणून देणारा, विनम्र, साधुवेषधारी भिक्षू राजाचा बळी द्यायला टपलेला निघतो, आणि स्मशानातले भूत राजाला वेळेवर सावध करून त्याचे प्राण वाचवते. सौम्य मुखामागे घात असू शकतो आणि विक्राळ मुखामागे सत्य, हे ज्या मुलाने घरात, शाळेत किंवा नात्यागोत्यात आधीच अनुभवले आहे पण ज्याची फिर्याद कोणत्याही कचेरीत दाखल होत नाही, त्याला वेताळाच्या तोंडून आपल्या बाजूची साक्ष मिळते.

पाश्चात्त्य चित्रकथांतील कुरूप नायकांकडे पाहिले तरी हेच आढळते. १९६२ साली स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केलेला हल्क जन्माला येतो तोच मुळी एका पोराला स्फोटातून वाचविण्याच्या धडपडीतून, आणि पुढे ते पोरच त्या क्रुद्ध महाकायाची सोबत करते. माइक मिग्नोलाचा, १९९३ साली अवतरलेला हेलबॉय सैतानाच्या कुळातला असूनही आपली शिंगे कापून टाकतो आणि माणसांच्या बाजूने लढतो. अशा नायकांत मुलाला केवळ रक्षक मिळतो, असे म्हणून थांबणे मला अपुरे वाटते. रक्षक तर पोलीसही असतो. जगाने ज्याला दूर लोटले, ज्याचा क्रोध त्याला स्वतःलाच आवरत नाही, त्याला आपली गरज आहे, ही जाणीव दुर्बळ बालकाला जे बळ देते ते कोणत्याही देखण्या, सर्वशक्तिमान वीराच्या पाठीशी उभे राहून मिळत नाही.

भागवताच्या सप्तम स्कंधात हाच विचार पूर्णत्वास गेला आहे. हिरण्यकशिपूचा वध झाल्यावरही नरसिंहाचा कोप शमेना. ब्रह्मदेव, रुद्र, इंद्र दुरूनच स्तुती करीत राहिले, आणि देवांनी विनविलेली साक्षात लक्ष्मीसुद्धा ते अपूर्व रूप पाहून जवळ जाण्यास धजली नाही. तेव्हा ब्रह्मदेवाने प्रह्लादाला पुढे पाठविले आणि त्या मुलाने पायांवर लोटांगण घालताच देवाने त्याला उठवून त्याच्या मस्तकावर हात ठेवला. शैव परंपरेने हाच पेच निराळ्या रीतीने सोडविला. नरसिंहाला आवरण्यासाठी शिवाने त्याहूनही भयानक असे शरभाचे रूप घेतले, असे ती सांगते. दोन्ही कथा मी आदराने वाचतो, पण माझा कौल भागवताकडे आहे. अधिक मोठ्या दहशतीने दहशत दाबली जाते, शांत होत नाही. आणि प्रह्लाद जेव्हा म्हणतो की मला या दाढांचे, या नखांचे भय वाटत नाही, भय वाटते ते या संसारचक्राचे, तेव्हा बालकाच्या भीतीचे खरे ठिकाण कोठे आहे हे त्याने आम्हा वडीलधाऱ्यांना दाखवून दिलेले असते.

आमच्या तालुक्याला ते ठिकाण प्रत्यक्ष पाहावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाहून परतून लोक झोपी गेले असताना, किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली, सुमारे दहा हजार माणसे गेली, आणि भारतीय जैन संघटनेने बाराशेंच्या आसपास मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. दगडमातीच्या जाड भिंतींनी, म्हणजे घराने, आपले आईबाप गिळल्याचे ज्याने पाहिले, त्या मुलाला ‘भिऊ नकोस, देव दयाळू आहे’ एवढेच सांगणे मला निष्ठुरपणाचे वाटते. कारण त्याने जे पाहिले ते या वाक्यात कोठेच नाही. खांब फोडून बाहेर येणारा देव निदान त्या मुलाइतकाच उद्ध्वस्त जगाचा रहिवासी आहे. त्या रूपाला दुःखाचे कारण ठाऊक आहे, असा दावा मी करीत नाही. पण भय खोटे नव्हते, एवढे तर ते निश्चित मान्य करते.

भीतीपोटी धरलेला आश्रय ही भक्तीची कनिष्ठ पायरी, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर वर येऊन गेले आहे. जो सर्वांत निर्भय होता, तोच त्या रूपाजवळ गेला. अधिक गंभीर आक्षेप आहे तो असा की, उग्र नायकांच्या संगतीत मुलाच्या मनात सूडाला थारा मिळतो. हा धोका खोटा नव्हे, आणि केवळ पोट फाडण्याचा पराक्रम रंगवणाऱ्या पुस्तकांची वकिली मी करणार नाही. पण प्रसन्न झालेल्या नरसिंहाने वर माग म्हटल्यावर प्रह्लादाने काय मागितले, तेही याच कथेत आहे. आपल्या मनात कामनांचे बीजच राहू नये, एवढे त्याने मागितले. आणि पुन्हा वर मागण्याचा प्रसंग आला तेव्हा, ज्याने त्याच्यावर विषप्रयोग करविला, त्याला हत्तींच्या पायी देवविले आणि कड्यावरून लोटविले, त्या बापाला पापातून मुक्त करा, असे त्याने त्या नखांना अजून रक्त लागलेले असतानाच म्हटले.