अचूक बॉम्ब आणि सदसद्विवेकबुद्धी

अमेरिकेने २००६ साली इराकमध्ये प्रथम वापरलेला 'जीबीयू-३९' हा छोटा बॉम्ब पंख पसरून, उपग्रहाच्या आधाराने दूरवर तरंगत जातो. आजूबाजूची माणसे वाचावीत म्हणूनही तो लहान केला. हेतू चांगलाच.

२६ मे २०२४ रोजी इस्राएलने राफा येथे हमासच्या दोन नेत्यांवर असेच दोन बॉम्ब टाकले. ते ठरल्या जागीच पडले, असे इस्राएल सांगते. पण आग निर्वासितांच्या तंबूंत पसरली. गाझाच्या आरोग्य खात्यानुसार ४५ जण मेले.

युद्धातील अनर्थ टाळावयाच्या अनर्थाहून मोठा नसावा, ही ख्रिस्तसभेची शिकवण. हे माप बॉम्बच्या वजनाने कसे घ्यावे? उपग्रह जागा दाखवितो. तिथे शेजारी कोण राहते, हे आदेश देणाऱ्यानेच विचारायचे असते आणि बॉम्ब 'लहानच' असला की नेमके तेच विचारायचे राहून जाते.