पुसट अक्षरं आणि नदीचा पूर

प्रिंट पुसट आली की ऑफिसात चौकशीआधीच निकाल लागतो: टोनर संपला. कोणीतरी कार्ट्रिज काढून हलवतो, परत बसवतो आणि पुढची दोन पानं बरी आली की निकालावर शिक्कामोर्तब होतं. कार्य पाहून कारण ओळखायचा हा प्रकार. तो कितपत भरवशाचा, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतकं वाद रंगला आहे.

न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनांनी नदीचं उदाहरण दिलं आहे. नदीला पूर दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला, असं अनुमान करावं. यावरचा आक्षेप सूत्रांतच नोंदलेला आहे: पाणी खाली कुठे अडलं तरीही नदी फुगतेच की! चार्वाकांनी तर दिसेल तेवढंच खरं म्हणत अनुमानालाच रजा दिली. नैयायिकांचं उत्तर मात्र मोठं व्यवहारी आहे. नुसतं वाढलेलं पाणी हे पावसाचं चिन्हच नव्हे. प्रवाहाला ओढ आहे, फेस आहे, पानं, फळं, लाकडं वाहत येताहेत, हे सगळं मिळून चिन्ह होतं. दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा.

पुसट प्रिंट म्हणजे असंच नुसतं वाढलेलं पाणी. टोनर संपत आला असेल, ट्रान्सफर रोलर झिजला असेल, लेझरच्या वाटेत धूळ बसली असेल किंवा कोणी टोनर-बचतीचं सेटिंग चालू करून विसरला असेल. पान थोड्याफार फरकाने तसंच दिसतं.

ठरावीक अंतराने उमटणारा डाग मात्र बोलका असतो. पट्टी घेऊन दोन डागांमधलं अंतर मोजावं. टोनरची अक्षरं आधी ज्यावर उमटून मग कागदावर उतरतात, त्या २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर साधारण ७५ मिलिमीटर आणि ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब. अशा ड्रमवर एका जागी टोचा पडला असेल, तर तो दर फेरीला, म्हणजे एका पानावर तीन-चार वेळा हजेरी लावणार. अंतर वेगळं निघालं तर त्या घेराचा दुसरा रोलर शोधायचा. टोनर कागदावर पक्का करणाऱ्या फ्यूजरचा असू शकतो, ड्रमवर टोनर चढवणाऱ्या डेव्हलपरचा असू शकतो. इथे फेस आणि लाकडं दोन्ही दिसली.

अग्नी असला म्हणजे धूर असतोच, असं नाही, हे तर्कशास्त्राचा विद्यार्थी सुरुवातीलाच शिकतो. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं आणि या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात प्रिंटरच्या बाबतीतही ओलच आडवी येते. दमट कागदावर विद्युतभार टिकत नाही, त्यामुळे ड्रमवरचा टोनर कागदावर धड उतरत नाही. तेच मशीन, तेच कार्ट्रिज. नव्याने फोडलेल्या रीममधला कोरडा कागद घातला की अक्षरं ठसठशीत. हे ठाऊक नसलेला माणूस ‘मशीन जुनं झालं’ म्हणून मोकळा होतो.

चार्वाकालाही आवडेल अशी एक तपासणी आहे. कागद अर्ध्या वाटेवर असताना झाकण उघडायचं, कार्ट्रिज काढून ड्रम पाहायचा, तोही झटपट, कारण उजेड त्याला सोसत नाही. ड्रमवरची टोनरची अक्षरं स्वच्छ असतील तर दोष पुढे, ट्रान्सफर किंवा फ्यूजरकडे. तिथेच बिघडलेली असतील तर आधीच्या टप्प्यात. अर्थात चार्वाकाने फार खूश होऊ नये. डोळ्यांना दिसतो तो ड्रम. दोष अलीकडे की पलीकडे, हे अनुमानच सांगतं.

उरतो अन्वय-व्यतिरेक: कारण असेल तर कार्य असतं, नसेल तर नसतं. कार्ट्रिज बदललं, डाग गेला, म्हणजे दोष कार्ट्रिजचा. पण घाईत त्याच वेळी ट्रेमधला दमट कागदही बदललेला असतो आणि प्रिंट सुधारण्याचं श्रेय नव्या कार्ट्रिजला मिळतं. जुनं, अर्धं भरलेलं, तोवर भंगारात गेलेलं असतं.