रद्दीतला ऐवज

चि. नानूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून काडेपेट्यांचे छाप, सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या आणि पत्र्याची एक होडी उचलून आणलीस, आणि "घरात आधीच काय कमी पसारा आहे?" म्हणत तुझ्या आईने तुला फैलावर घेतलं, हे वाचून हसू आलं. तिचंही चुकत नाही. घर तिला आवरावं लागतं. पण तू जो प्रश्न विचारलास, "आत्या, याचे किती येतील?", त्याचं उत्तर पत्राच्या शेवटी देते. त्याआधी तुझ्या हातात नेमकं काय लागलंय ते बघू.

मानपत्रं, ताम्रपट, स्टुडिओत काढलेले फोटो या गोष्टी मुळातच जपण्यासाठी केलेल्या असतात. पुढे कोणीतरी आपल्याकडे बघणार आहे, हे त्यांना ठाऊक असतं. काडेपेटीच्या छापाला असली काही कल्पना नसते. काड्या संपल्या की पेटी केरात. म्हणून तो त्या दिवसापुरतंच बोलतो, आणि मोकळेपणी बोलतो. छाप म्हणजे जाहिरातच, आणि जाहिरात खोटं बोलते म्हणशील, तर खरंच आहे. पण लोकांना काय हवंहवंसं वाटत होतं, हे त्या खोट्यातूनच चांगलं कळतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या काडेपेट्या स्वीडन, ऑस्ट्रिया, जपानहून येत, आणि त्यांच्यावर आपले देवदेवता छापलेले असत. गिऱ्हाईक कोण आहे, हे त्या परक्या कारखानदारांना पक्कं माहीत होतं. मग स्वदेशीचे दिवस आले आणि छापांवर चरखे, पुढारी दिसू लागले. १९२३ साली स्वीडिश भांडवलावर काडेपेट्या करणारी विमको कंपनी उभी राहिली, अंबरनाथला तिचा कारखाना निघाला, आणि परदेशी पेटी हळूहळू दिसेनाशी झाली. एवढा सगळा इतिहास तुझ्या अंगठ्याएवढ्या कागदावर आहे.

गाण्यांच्या चोपड्यांचं मोल तर आणखी वेगळं. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असे, म्हणून चांदी काढण्यासाठी जुनी रिळं विकली जात. महागडी रिळं अशी गेली, आणि आण्या-दोन आण्यांची चोपडी मात्र कुणाच्या तरी ट्रंकेत तळाला राहिली. कोणत्या चित्रपटात कोण होतं, गाणी कोणती होती, कथानक काय होतं, हे पुष्कळदा अशा कागदांवरूनच कळतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून फिल्मबरोबर पोस्टरं आणि या चोपड्याही जमवत आलंय, ते उगाच नाही.

आता जरा कामाचं. बहुतेक कागदांवर साल छापलेलं नसतं. ते आपण हुडकायचं. किंमत आण्यांत असेल तर कागद साधारण १९५७च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'नये पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ यांच्या मधला. पुढे 'नये' गळून पडलं. पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असेल तर बहुधा १९७२च्या आधीचा. त्या वर्षी १५ ऑगस्टला सहा आकडी पिनकोड आला आणि गिरगावचं ४००००४ झालं. 'मुंबई राज्य' दिसलं तर १ मे १९६०च्या आधीचा. काडेपेटीवर कराची पट्टी चिकटवलेली असेल तर १९३४ नंतरची, कारण त्या साली काड्यांवर अबकारी कर बसला. एवढं जमलं की एक भिंग घे. जुन्या शिळाछापाच्या चित्रात रंगाचे ठिपके हाताने केल्यासारखे वेडेवाकडे दिसतात. हल्लीच्या नकलेत तेच ठिपके ओळीने, कवायतीला उभे केल्यासारखे. रविवर्म्याच्या चित्रांच्या नावाखाली काय काय खपतं, ते तुझं तुलाच दिसेल.

होडीबद्दल तू जास्त काही लिहिलं नाहीस. पोटात छोटी टाकी आणि मागे पाण्यात बुडणाऱ्या दोन नळ्या आहेत ना? मग ती फटफट करत पळणारी होडी. नळ्यांतून आत पाणी भर, होडी घंगाळात सोड आणि टाकीखाली तेलाची इवलीशी वात पेटव. टाकीतल्या पाण्याची वाफ होते आणि नळ्यांतलं पाणी जोरात मागे फेकते. वाफ थंड झाली की तेच पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर जाताना पाणी सरळ धारेने जातं, आत येताना मात्र चारी बाजूंनी येतं. म्हणून होडी मागे न येता पुढेच सरकते. टाकीच्या वरचा पातळ पत्रा प्रत्येक वेळी खालीवर होतो, त्याचा तो फटफट आवाज. ना चावी, ना सेल. या युक्तीचं पेटंट टॉमस पियो नावाच्या माणसाने १८९१ साली इंग्लंडमध्ये घेतलं होतं. होडी उलटी करून पत्र्याच्या आतल्या बाजूलाही बघ. अशी खेळणी पुष्कळदा जुन्या डब्यांच्या पत्र्यातून कापलेली असतात, आणि आत तेलाच्या नाहीतर बिस्किटांच्या डब्याची अर्धी अक्षरं सापडतात.

पुण्यातच आहेस तर केळकर संग्रहालयात जाऊन ये. दिनकर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. साधारण १९२०पासून त्यांनी घरोघरचे दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, खेळणी जमवायला घेतलं. राजा नावाचा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव आहे. पुढे हा संग्रह शासनाकडे गेला. तिथे तलवारीपेक्षा वज्रीपुढे जास्त वेळ उभा राहा. टाचा घासायच्या साध्या वस्तूलाही मोराची मूठ द्यावीशी कुणाला तरी वाटली, हे बघण्यासारखं आहे.

जपण्याचे नियम थोडेच आहेत. सेलोटेप लावू नकोस. तिचा पिवळा डाग जात नाही. लॅमिनेशन तर नकोच. कागद उन्हात आणि ओलीत ठेवू नकोस, कसर लागली का ते पावसाळ्यात अधूनमधून बघ. होडीला नवा रंग देऊ नकोस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वस्तू कुठे मिळाली, कुणाकडून, कधी, विकणारा तिच्याबद्दल काय म्हणाला, हे वहीत त्याच दिवशी लिही. नोंद नसली की संग्रहाची पुन्हा रद्दी होते, मग ती कितीही नीट लावलेली असो.

आता किमतीचं. छापांचे फार येणार नाहीत. ते लाखांनी छापले गेले आणि अजूनही गठ्ठ्याने मिळतात. चोपड्यांचे बरे येतील, बोलपट गाजलेला असेल तर आणखी. पण भाव बघून गोळा करायला लागलास की जे सगळे गोळा करतात तेच तूही करशील. त्यापेक्षा आज कुणीच ठेवत नाही ते ठेव. १ डिसेंबर २०२१ला काडेपेटी एक रुपयावरून दोन रुपयांवर गेली; १ रुपया छापलेली जुनी पेटी तुमच्या स्वयंपाकघरात आहे का शोध. यंत्रातून निघणारी हल्लीची तिकिटं आणि पावत्या काही वर्षांत कोऱ्या पडतात, कारण त्यांवर शाई नसतेच, कागद तापून अक्षरं उमटतात. पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट पन्नास वर्षांनंतरही वाचता येतं, तुझं कालचं तिकीट येणार नाही. त्याची फोटोप्रत काढून ठेवायला तुझ्याशिवाय कोण आहे?

पुढच्या पत्रात होडी चालली का ते कळव.

तुझी,
आत्या

ता. क. सगळं एका ट्रंकेत मावेल एवढंच ठेव. ट्रंक भरली की नवीन आणण्याआधी जुनं काहीतरी दुसऱ्या कुणाला दे. ही अट आईला आधीच सांगून टाक, म्हणजे ती ट्रंकही देईल.