सूत्र नंतर, आधी आकृती

खाली बसा. वालचंद कुणाकुणाला हवंय, हात वर करा. अर्धा वर्ग. कराडचं गव्हर्नमेंट? उरलेला अर्धा. मागच्या बाकावरच्या तिघांना तर थेट आयआयटी. उत्तम. काल उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचा फ्री बॉडी डायग्राम काढायला सांगितला, तेव्हा कुठं गेले होते हे हात? चौघांना जमला. चौघांना! आणि तुम्ही बारावीत आहात.

अकरावी म्हणजे दहावीनंतरची सुट्टी, हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं? वर मलाच ऐकवता, ‘सर, सीईटीला अकरावीचं वीसच टक्के असतं.’ अरे शहाण्यांनो, उरलेले ऐंशी टक्के कशावर उभे आहेत? बारावीचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स. लॉज ऑफ मोशन कच्चं असेल तर तिथंच गाडी रुतते. मग तुम्ही काय करता? सूत्र घोकता आणि पुढच्या प्रकरणाचा व्हिडिओ लावता, तोही दीडपट वेगानं. पडद्यावरचा माणूस गणित सोडवतो, तुम्ही माना डोलावता. त्याला ते आधीपासूनच येत होतं रे. तुझी वही कोरीच आहे, त्याचं काय?

तुमची अकरावीची जर्नलं आठवतायत? सिंपल पेंड्युलमच्या प्रयोगात अख्ख्या बॅचचं जी बरोबर ९.८. कुणाचं ९.६ नाही, कुणाचं ९.९ नाही. एका जर्नलात तर शेजाऱ्याची खाडाखोडसुद्धा जशीच्या तशी उतरवलेली. दोऱ्याची लांबी मोजली कुणी? स्टॉपवॉच धरलं कुणी? खरं रीडिंग ९.५ आलं असतं, तर ते का चुकलं यावर डोकं खाजवावं लागलं असतं. पुढं जेईईत तेच विचारतात, आणि तिथं शेजाऱ्याचं जर्नल नसतं.

काही जण इथं नुसतं नाव घालून पुण्याला नाही तर लातूरला क्लासला जाऊन बसलेत. त्यांना माझा निरोप द्या. बोर्डाला कोण विचारतं, असं म्हणत असाल तर नियम वाचा. आयआयटीला जेईई पार करूनही बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डात वरच्या वीस टक्क्यांत यावं लागतं. ॲडव्हान्स्डची संधी मिळते दोनदाच, तीही लागोपाठच्या दोन वर्षांत.

आणि घरी पर्सेंटाईल नीट समजावून सांगा. ९८ पर्सेंटाईल म्हणजे ९८ मार्क नव्हेत. समजा, सीईटीला तीन लाख मुलं बसली, तर ९८ पर्सेंटाईलवाल्याच्या पुढं सहा हजार उभी असतात. वालचंदच्या कॉम्प्युटरला किती जागा असतात, ते स्वतः बघा आणि मग पेढे आणा. तुमच्या क्लासची फी ऊसबिलातून जाते, हे मला ठाऊक आहे. तो बाप पाणी धरायला रात्री-बेरात्री शेतात जातो आणि तू अभ्यासिकेत बसून कटऑफचे स्क्रीनशॉट फिरवतोस.

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून येत नसेल तिथं ठोकून द्यायची सवय लागलीय तुम्हाला. तीच सवय जेईईत नेता. तिथं चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, आणि मग ‘पेपर अवघड होता सर.’ पेपर अवघडच असतो. म्हणून तर ते कॉलेज तुम्हाला हवंय ना?

१९४७ साली सांगलीत वालचंद निघालं, तेव्हा त्याचं नाव न्यू इंजिनिअरिंग कॉलेज होतं. त्याच साली कर्मवीरांनी इथं साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. पोरं अंगमेहनत करून तिथं शिकली. तुम्हाला कुणी खडी फोडायला सांगत नाही. रोज दहा गणितं, उत्तर न बघता, पेनानं. अडलं तर अर्धा तास अडून बसायचं, मग माझ्याकडं यायचं. शनिवारी मी वह्या बघणार, आणि त्यात मला चुका दिसल्या पाहिजेत. चकचकीत वही आणलीत तर ती कुणाची, हे आधी विचारीन.

चला, वह्या काढा. मोबाईल दप्तरात. खंबाटकीचं एस वळण सगळ्यांनी पाहिलंय. समजा, तसल्या एका वळणाची त्रिज्या ६० मीटर, बँकिंगचा कोन १० अंश, घर्षण शून्य. गाडी किती वेगानं न्यायची, म्हणजे घसरणार नाही? आधी आकृती. पहिल्याच ओळीत सूत्र दिसलं तर वही खिडकीबाहेर जाईल. हं, तू, मागच्या बाकावरचा. ये फळ्यापाशी.